अ‍ॅक्वापोनिक्स परवडतं का? टाकी घेण्याआधी करायचा हिशेब

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर मातीशिवाय भाजी पिकवणं. त्यात एक गुंठा वाफ्यातल्या पालेभाजीला पुरेल एवढं खत देणारे मासे वर्षाला साधारण अकराशे किलो भरतात. आकडा ऐकून डोळे चमकतात. पण त्यातून खाद्य, बीज (माशांची पिल्लं) आणि पंपाचं वीजबिल वजा केलं की हिशेब उणेत जातो. या धंद्यात उतरू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी हे सगळ्यात आधी सांगतो. कारण व्हिडिओत टाकीत उसळणारे मासे दिसतात आणि माणूस त्यांनाच भुलतो. अ‍ॅक्वापोनिक्स हा भाजीचा धंदा आहे. मासे हे त्यातलं खत. हे एकदा मनात पक्कं बसलं की पुढचे निम्मे चुकीचे खर्च आपोआप टळतात.

पद्धत थोडक्यात अशी. माशांना खाद्य घालायचं. त्यांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून पाण्यात अमोनिया येतो, तो माशांना विषारी. पाण्यातले काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट. नायट्रेट भाजीची मुळं शोषून घेतात आणि स्वच्छ झालेलं पाणी परत टाकीत जातं. बाष्पीभवन आणि गाळ काढताना जाईल तेवढंच पाणी रोज नव्याने घालावं लागतं. विज्ञान पक्कं आहे, त्यावर शंका घ्यायचं कारण नाही. प्रश्न फक्त पैशाचा आहे.

त्या प्रश्नावर जगभरचा अनुभव काय? अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्या २५७ जणांची पाहणी केली, ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. आदल्या बारा महिन्यांत नफ्यात असलेले त्यात एक तृतीयांशापेक्षा कमी निघाले. आणि जे मासे-भाजीसोबत प्रशिक्षण, सल्ला किंवा साहित्यही विकत होते, त्यांचं नफ्यात असण्याचं प्रमाण जास्त होतं. हे दुसरं वाक्य जपून ठेवा, प्रशिक्षण वर्गाची फी भरताना उपयोगी पडेल.

या पद्धतीचा सर्वांत नावाजलेला नमुना कॅरिबियन समुद्रातल्या सेंट क्रॉय बेटावर, व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स रॅकोसी यांनी उभा केला. ७,८०० लिटरच्या चार टाक्या, तरंगत्या तराफ्यांचे (रोपं तराफ्याच्या भोकांत, मुळं खाली पाण्यात) २१४ चौरस मीटर वाफे, एकूण सुमारे १ लाख १० हजार लिटर पाणी आणि वर्षाला साधारण ५ टन तिलापिया मासा. तिथेही पैसा लेट्यूस आणि बेसिलनेच दिला. पण एक गोष्ट विसरू नका: त्या बेटावर बरीचशी भाजी जहाजाने येते. ताज्या पानाला तिथे मोल आहे. आपल्याकडे पहाटे चार वाजता बाजार समितीत मेथीचे ढीग लागतात. नेदरलँड्समधल्या हेग शहरात २०१६ मध्ये एका इमारतीच्या गच्चीवर मोठं अ‍ॅक्वापोनिक्स शेत सुरू झालं आणि २०१८ मध्ये ते दिवाळखोरीत गेलं. तो देश म्हणजे ग्रीनहाऊसची पंढरी. ज्या भाजीचा शेजारी डोंगर आहे, तीच जास्त खर्चात पिकवून विकणं कठीणच.

पहिली पायरी: गिऱ्हाईक

टाकीचं कोटेशन मागवण्याआधी एक महिना फक्त बाजारात फिरा. पालक, मेथी, शेपू, आंबटचुका डोक्यातून काढून टाका. मातीत या भाज्या इतक्या स्वस्तात येतात की वीज जाळून पिकवलेली जुडी त्यांच्यापुढे टिकत नाही. कोथिंबिरीचा मोह प्रत्येकाला होतो, कारण पावसाळ्यात तिची जुडी महाग झालेली सगळ्यांनी पाहिलेली असते. पण त्याच कोथिंबिरीवर नांगर फिरवायची वेळ येते, तीही आपणच पाहिलेली असते. सरासरी भाव काढा, सणाचा भाव धरू नका.

उरतात त्या लेट्यूसच्या जाती, बेसिल, पाक चॉय, सेलरी, पार्सली, पुदिना, आणि खाण्याजोगी फुलं. यांना गिऱ्हाईक कुठे आहे? पुणे, मुंबई, नाशिकमधली हॉटेलं, सॅलड विकणारी छोटी स्वयंपाकघरं, सोसायट्यांमध्ये आठवड्याची पेटी पोचवणारे, आणि गोव्यात ऑक्टोबर ते मार्चच्या हंगामातली रिसॉर्ट्‌स. पण हिवाळ्यात पुणे-नाशिक भागातले शेतकरी मोकळ्या रानात उत्तम लेट्यूस काढतात, तेव्हा तुमची किंमत पडणार. तुमची खरी संधी जून ते सप्टेंबर. पावसाने रानातली पानं सडतात, चिखलाने माखतात, आणि तुमच्या छताखाली ती कोरडी, स्वच्छ उभी असतात. म्हणून शेफला किंवा खरेदी व्यवस्थापकाला भेटताना ‘तुम्ही माल घ्याल का?’ एवढंच विचारू नका. त्याला सगळेच हो म्हणतात. पुढचे प्रश्न विचारा: जुलैमध्ये आठवड्याला किती किलो लागतं? सध्या कुणाकडून, काय भावाने घेता? पैसे किती दिवसांनी देता? मी सुरुवातीला एका हॉटेलला माल द्यायला लागलो तो भाव चांगला होता म्हणून. पहिला चेक हातात पडायला दोन महिन्यांच्या वर गेले, आणि तोवर माशांचं खाद्य रोख पैशाने आणत होतो. खेळतं भांडवल म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

किमान तीन गिऱ्हाइकं, ठरलेला भाव आणि आठवड्याचं वजन कागदावर आल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. ‘सेंद्रिय’ हा शब्द पिशवीवर छापण्याचा विचार असेल तर प्रमाणपत्राचे नियम आधी समजून घ्या. औषध न फवारलेली भाजी आणि प्रमाणित सेंद्रिय भाजी कायद्याच्या नजरेत एक नाहीत.

दुसरी पायरी: पाणी आणि वीज

बोअरचं पाणी तपासून घ्या. सामू (पीएच), क्षारता, कठीणपणा, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), सोडियम, क्लोराइड. दख्खनच्या पठारावर बोअरचं पाणी बरेचदा कठीण आणि विम्लधर्मी (सामू सातच्या वर) असतं. माशांचं त्यात बिघडत नाही, भाजीचं बिघडतं. सामू साडेसातच्या वर गेला की पाण्यातलं लोह मुळांना मिळेनासं होतं. माझ्या पहिल्या लावणीत लेट्यूसची नवी पानं पिवळी पडली, शिरा मात्र हिरव्याच. मी नायट्रोजन कमी पडला समजून खाद्य वाढवलं, म्हणजे खर्च वाढवला आणि पाणी आणखी बिघडवलं. कमतरता लोहाची होती. लोह पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून ते चिलेटच्या रूपात घालतात. अशा पाण्यात साधं ईडीटीए चिलेट फारसं टिकत नाही, ईडीडीएचए प्रकारचं घ्यावं लागतं, आणि ते महाग असतं. रॅकोसी यांच्या संचात दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम लोह घालत. तुमचा संच ४५ हजार लिटरचा असेल तर एका वेळी ९० ग्रॅम लोह, म्हणजे ६ टक्क्यांचं चिलेट दीड किलो. वर्षाला सतरा वेळा. हा खर्च कुठल्याच माहितीपत्रकात मी पाहिलेला नाही. जमेल तिथे छताचं पावसाचं पाणी साठवून बोअरच्या पाण्यात मिसळा, सगळ्यात स्वस्त उपाय तोच.

वीज इथे चोवीस तास लागते, आणि तिथेच या धंद्याची मान अडकलेली आहे. दाटीने मासे भरलेल्या टाकीची हवा बंद पडली की अर्ध्या-पाऊण तासात ते वर येऊन तोंडाने हवा घेऊ लागतात, आणि थोड्याच वेळात मरतूक सुरू होते. त्यामुळे इन्व्हर्टरवर चालणारा हवा पंप हा मूळ खर्चातच धरा. जनित्र असलं तरी ते रात्री दोन वाजता सुरू करायला कोण उठणार, हेही ठरवा. वीजजोडणी कोणत्या दराची मिळेल ते लेखी विचारा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला, पण तुमच्या मीटरवर कोणता दर लागणार हे तुमच्या भागातल्या वीज कार्यालयातूनच कळेल.

शहरातल्या वाचकांसाठी एक सूचना: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. गच्चीवर काहीही मांडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्या.

तिसरी पायरी: कागदावरचं पहिलं वर्ष

आता वही घ्या. खालचे भाव मी अंदाजाने धरले आहेत, तुम्ही तुमच्या गावचे घाला. रीत मात्र हीच ठेवा.

एक गुंठा, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर तराफ्याचे वाफे धरू. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या पुस्तिकेनुसार पालेभाजीच्या दर चौरस मीटरमागे रोज ४० ते ५० ग्रॅम माशांचं खाद्य लागतं. आपण ५० धरू, म्हणजे रोज ५ किलो, वर्षाला १,८२५ किलो. किलोला ५० रुपये धरले तर खाद्याचे ९१,२५० रुपये. एक किलो मासा व्हायला १.६ किलो खाद्य लागलं तर मासे झाले साधारण १,१४० किलो. जागेवर ११० रुपये भाव मिळाला तर १,२५,४०० रुपये. अर्ध्या किलोचा मासा विकायचा तर मरतूक धरून अडीच हजार बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) लागेल, ५ रुपयांप्रमाणे १२,५०० रुपये. उरले २१,६५०. पंप आणि ब्लोअर (पाण्यात हवा सोडणारं यंत्र) मिळून ७५० वॅट सतत चालले तर दिवसाला १८ युनिट, वर्षाला ६,५७०, आठ रुपये दराने ५२,५६० रुपये. म्हणजे माशांच्या खात्यात ३०,९१० रुपये तूट. सुरुवातीला म्हटलं ते हेच.

आता भाजी. चौरस मीटरला २० रोपं, म्हणजे एका वेळी दोन हजार लेट्यूस. रोपं ट्रेमध्ये वेगळी वाढवली तर वाफ्यात पाच आठवडे पुरतात. कागदावर वर्षाला दहा फेऱ्या बसतात, पण एप्रिल-मे मध्ये पाणी तापून लेट्यूस तुरे काढतं, कडू होतं. आठच फेऱ्या धरा. सोळा हजार रोपांतली १५ टक्के वाया गेली तर १३,६०० गड्डे, दीडशे ग्रॅमप्रमाणे २,०४० किलो. खर्च: बी, कोकोपीट, नेट कप मिळून रोपामागे ३ रुपये, म्हणजे ४८,०००. पॅकिंग आणि वाहतूक किलोला २० रुपये, म्हणजे ४०,८००. एक माणूस महिना १२ हजारांवर, १,४४,०००. लोह, पोटॅश, चुना, चाचण्या आणि दुरुस्ती मिळून ३५,०००. बेरीज २,६७,८००, त्यात माशांची तूट मिळवली की २,९८,७१० रुपये.

हा माल अडत्याकडे सरासरी ८० रुपये किलोने गेला तर वर्षाला १,६३,२०० रुपये येतात आणि १,३५,५१० रुपयांचा खड्डा पडतो. दीडशे रुपये मिळाले तर ७,२९० उरतात, म्हणजे बरोबरी. स्वतः नेऊन थेट गिऱ्हाइकाला २५० रुपयांनी विकला तर २,११,२९० उरतात. आता टाक्या, वाफे, गाळणी, शेडनेट, इन्व्हर्टर यांवर ८ लाख घातले असतील तर आठ वर्षांचा घसारा वर्षाला एक लाख, आणि दहा टक्क्यांनी व्याज ८० हजार. अडीचशे रुपयांच्या भावातही हातात उरले ३१,२९०, म्हणजे महिन्याला अडीच हजारांच्या आसपास.

कुणी म्हणेल, काम घरचेच लोक करतील, मजुरी कशाला धरायची? धराच. घरच्या माणसाने ते बारा हजार दुसरीकडे कमावले असते. मजुरी न धरता काढलेला नफा हा घरातल्या बाईच्या किंवा म्हाताऱ्या वडिलांच्या फुकट राबण्याचा आकडा असतो, धंद्याचा नव्हे.

या हिशेबात तीन जागा हलवता येतात. पहिली, भाव, तो सगळ्यात जोरात हलवतो, म्हणून गिऱ्हाईक पहिल्या पायरीवर. दुसरी, आकार. एक माणूस एका गुंठ्याऐवजी दोन गुंठे सांभाळू शकतो, तेव्हा मजुरी किलोमागे निम्मी होते. पण माल दुप्पट विकता येणार असेल तरच. तिसरी, भांडवल. जिल्ह्या-जिल्ह्यात जरबेराची बंद पडलेली पॉलिहाऊस उभी आहेत. त्यातलं एखादं भाड्याने मिळालं तर आठ लाखांचे चार होऊ शकतात. नवीन चकचकीत ढाचा उभा करण्यापेक्षा मला हा रस्ता कितीतरी शहाणपणाचा वाटतो.

चौथी पायरी: मासा निवडणं

जगभर या पद्धतीत तिलापिया चालतो, कारण तो दाटी सोसतो, २७ ते ३० अंश पाण्यात भराभर वाढतो आणि पाण्यातले चढउतार सहन करतो. आपल्याकडे गिफ्ट या सुधारित जातीचा एकलिंगी (सगळे नर) तिलापिया पाळायला मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते, बीजही मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावं. परवानगीचा कागद हातात येईपर्यंत टाकी भरू नका. आफ्रिकन मागूर (विदेशी मांगूर) स्वस्त मिळतो, कुणीतरी गळ्यात मारायला बघेलच. त्याच्या पालनावर देशात बंदी आहे आणि साठा सापडला की तो नष्ट केला जातो. पंगस दाटी सोसतो, पण थंडी नाही. निफाड किंवा विदर्भातल्या डिसेंबरमध्ये तो खाणं सोडतो. रोहू-कटला तळ्याचे मासे, टाकीत त्यांची वाढ मनासारखी होत नाही.

विक्रीही बघा. कोकण-मुंबईचा खवय्या समुद्राच्या माशापुढे गोड्या पाण्याच्या माशाला नाक मुरडतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूरकडे तलावाचा मासा आवडीने खातात. जिथे असाल तिथे शक्यतो जिवंत मासा जागेवर विका, बर्फातल्या माशापेक्षा भाव बरा मिळतो. सगळी टाकी एकदम रिकामी करू नका, नाहीतर भाजीचं खत एका दिवसात बंद पडेल. तीन-चार टाक्या आणि वेगवेगळ्या वयाचे मासे ठेवून पाळीपाळीने काढा. शहराजवळ असाल आणि मासे विकण्याची दगदग नको असेल तर कोई कार्पसारखे शोभेचे मासे ठेवता येतात, खत त्यांच्यापासूनही मिळतंच.

भाजीवर मावा आला म्हणून कीटकनाशक फवारता येणार नाही, मासे जातील. माशांना बुरशी लागली म्हणून टाकीत मीठ ओतता येणार नाही, भाजी जाईल. कीडरोधक जाळी, दुहेरी दार आणि पिवळे चिकट सापळे हे पहिल्या दिवसापासून खर्चात धरा.

पाचवी पायरी: हजार लिटरची परीक्षा

एक हजार लिटरची टाकी, चार-पाच चौरस मीटरचा वाफा, छोटा पंप, हवा पंप, गाळणीचे दोन ड्रम. हे सहा महिने चालवा, त्यात एक तरी उन्हाळा किंवा पावसाळा येऊ द्या. सुरुवातीचे चार ते सहा आठवडे जीवाणू तयार होण्यातच जातात. थेंबांच्या चाचणी संचाने दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राइट मोजा. दोन्ही चढून पुन्हा शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागलं की मासे वाढवा. घाई केली तर बोटुकली मरते आणि लोक बीजवाल्याला दोष देतात.

या संचातून नफा अपेक्षित नाही. इथून तुम्हाला तुमचे आकडे मिळतील: किलो माशामागे खाद्य किती लागलं, गड्डा किती ग्रॅमचा भरला, किती रोपं वाया गेली, किती युनिट जळले, रोज किती तास गेले. आणि याच पिकाची पानं घेऊन पहिल्या पायरीतल्या गिऱ्हाइकांकडे जा. नमुना फुकट देऊ नका, पैसे घ्या, भले थोडेच. पैसे मोजणारा माणूस खरं बोलतो.

सहावी पायरी: पैसा उभा करणं

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात पाणी फिरवून मासे पाळण्याच्या आणि बायोफ्लॉकच्या (टाकीतच जीवाणू वाढवून पाणी साफ ठेवण्याच्या) प्रकल्पांना ठरलेल्या प्रकल्प खर्चाच्या ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के मदतीची तरतूद आहे. तुमचा संच त्यात बसतो का, योजना त्या वर्षी चालू आहे का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात विचारा. मंजुरीआधी खर्च करून बसू नका. अनुदानाचा पैसा काम झाल्यावर येतो, तोवरचं व्याज तुमचंच. वहीतला हिशेब अनुदानाशिवाय बसत नसेल तर अनुदानाने तो बसणार नाही. अनुदान टाकीला मिळतं, दर महिन्याच्या वीजबिलाला नाही.

आणि कुणी संपूर्ण संच उभारून देतो, भाजी-मासे दोन्ही परत विकत घेतो, अमुक महिन्यांत पैसे दुप्पट असं म्हणत आला तर ईमू पक्ष्यांच्या योजना आठवा, कडकनाथ कोंबड्यांच्या आठवा. तिथेही माल परत घेण्याचा करार होता. अशा माणसाला एवढंच सांगा: तुमच्याकडून संच घेऊन तीन वर्षं चालवणारे पाच शेतकरी दाखवा, आणि त्यांना मी एकटा जाऊन भेटतो. गेल्यावर त्यांना विचारा, गेल्या महिन्यात भाजी कुणाला विकली. संच विकणाऱ्यालाच विकली असेल तर परत फिरा.

कर्ज घ्यायच्या दिवशी वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहा: किती महिने सलग किलोला किती रुपयांपेक्षा कमी भाव मिळाला तर संच बंद करायचा, आणि तेव्हा मोटार, ब्लोअर, टाक्या कुणाला विकता येतील. खाली घरातल्या दुसऱ्या माणसाची सही घ्या. मग दर रविवारी त्या आठवड्याचं खाद्य, युनिट, विकलेले किलो आणि हातात पडलेले रुपये त्याच वहीत उतरवा.